रविवारच्या सह्या

रविवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

मैदानावर वेळेवर हजर. बाकी कोणी नाही. कॅडेटांचं फ्लाइंग बंद झाल्यापासूनचा हा सोळावा रविवार. म्हणून काय माणसाने घरी बसायचं?

विंचवरचं कव्हर काढलं. इंजिन दहा मिनिटं चालवलं. ड्रमला ग्रीस. दोरावरून हात फिरवला, एकही तार तुटलेली नाही. लिफ्टच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली, हेल्परपासून स्वतःच्या कंपनीपर्यंत. दोराची नाडी मला कळते.

वॉचमनने गेट उघडताना विचारलं, आज पण? म्हटलं, आज पण म्हणजे काय? मी नसलो तर ग्लायडर काय फुंकर मारून वर जाणार? ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या त्या टोकाला तो, या टोकाला मी आणि माझा विंच, मध्ये एक किलोमीटर पोलादी दोर. तिकडे दिवा लुकलुकला की मी दोर गुंडाळायला घ्यायचा, आणि पोरगं पतंगासारखं वर. बावीस वर्षांत ११,३०६ लाँच. नोंद आहे.

स्वतः एकदाही वर गेलेलो नाही. वेळच मिळाला नाही. खाली जबाबदार माणूस लागतो.

वॉचमन मला 'विंचवाले' म्हणतो. बावीस वर्षांत नाव विचारलेलं नाही. पदाने ओळखलं जाणं हा मान आहे.

अंदाज: मार्चच्या पहिल्या आठवड्यात फ्लाइंग सुरू.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.१५

लेकीचा फोन. रविवारी सातला येतो. पुन्हा तेच: बाबा, इकडे राहायला या, खोली रिकामी आहे, मोठी खिडकी आहे. म्हटलं, फ्लाइंग कधीही सुरू होईल, मला हलता यायचं नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही उडत नाही, तुम्ही ओढता. मागून जावयाचा आवाज, त्यांना विचार ना, भिंतीला पिवळा रंग चालेल का. कान अजून तल्लख आहेत माझे. तरी ऐकू न आल्यासारखं केलं. रंगाला हो म्हटलं की माणूस अडकला.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पेन्सिल येऊन गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची मुलगी. उंच, काटकुळी, केस डोक्यावर टोकदार बांधलेले. कॅडेट आहे. डिसेंबरपासून दर गुरुवारी सहाला थिअरी शिकायला येते. स्वतःहून. हल्लीच्या मुलांना शिकायची आवड नाही म्हणणाऱ्यांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघावं.

खुर्ची म्हणजे कॉकपिट, झाडूचा दांडा म्हणजे स्टिक. डावीकडे वळताना तिने चहाचं गाळणं पाडलं. म्हटलं, नऊशे फुटांवर ही चूक महागात पडेल. ती म्हणाली, आजोबा, नऊशे फुटांवर गाळणं कशाला असेल? म्हटलं, आजोबा नाही, सर म्हणायचं. म्हणाली, बरं आजोबा.

तीन वर्षं कॅडेट आहे, अजून जमीन सुटलेली नाही. दुसऱ्यांच्या ग्लायडरचा पंख धरून पळाली मात्र दीडशे वेळा. उडायला तिचा पहिला नंबर २३ ऑक्टोबरला लागला होता. १६ ला तपासणीवाले आले, सगळी रजिस्टरं घेऊन गेले, आणि २३ पासून फ्लाइंग बंद. येत्या ११ सप्टेंबरला ती अठरा पूर्ण करते. अठरा झाली की कॅडेटमधून बाहेर, नियम आहे.

तिला सांगितलं, त्याच्या आत तुला मी स्वतः वर पाठवणार. शब्द दिला. तिने तो तारखेसकट वहीत लिहून घेतला. जरा जास्तच काटेकोर आहे मुलगी.

बुधवार, १ मार्च

महिन्याची पहिली तारीख. आंघोळ केली, टेबल पुसलं, निळं पेन काढलं आणि विंच तपासणीचं रजिस्टर उघडलं. ५, १२, १९, २६. येत्या चारही रविवारच्या सह्या करून टाकल्या.

ही माझी जुनी पद्धत. लिफ्टच्या आत एक कार्ड लटकवलेलं असतं, दर महिन्याला तपासणी केली की त्यावर सही. ग्रीसच्या हाताने ते कार्ड असं व्हायचं की गिऱ्हाइकाने नाक मुरडावं. म्हणून मी वर्षाचं कार्ड जानेवारीतच स्वच्छ हाताने भरून ठेवायचो. काम काय, मी करतोच. एक रविवार चुकवलेला नाही. मग सही काम झाल्यावर केली काय आणि तीन आठवडे आधी केली काय!

जुनं रजिस्टर तपासणीवाल्यांनी अजून परत केलेलं नाही. अक्षर बघून नमुना म्हणून ठेवून घेतलं असेल. हे नवं मी पदरमोड करून आणलं.

गुरुवार, २३ मार्च

मुख्यालयाला पाठवलेल्या तिसऱ्या पत्राचं उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे.' योग्य त्या विभागाकडे! म्हणजे माझा मुद्दा योग्य ठरला. पेन्सिलला वाचून दाखवलं. तिने विचारलं, पण आजोबा, यात तारीख कुठे आहे? म्हटलं, सरकारी पत्र ओळींच्या मधलं वाचायचं असतं.

नवा अंदाज: एप्रिल. फार तर मे.

मंगळवार, ११ एप्रिल

फ्लाइंगमध्ये सुधारणा करायला मुख्यालयातून एक बाई आल्या. हातात कायम टॅबलेट, म्हणून टॅबलेटबाई. सगळी पद्धत नव्याने बसवणार म्हणाल्या. मी माझी अठरा कलमी योजना पुढे केली. त्यांनी तिचा फोटो काढला. वाचायची गोष्ट असती तर वाचली असती, फोटो काढला म्हणजे जपून ठेवायची आहे.

मग विचारलं, विंचचं रजिस्टर कोण लिहायचं? मला नेमका खोकला आला. म्हटलं, तसं आम्ही सगळेच बघायचो. त्या म्हणाल्या, फार स्वच्छ रजिस्टर आहे, बावीस वर्षांत एक डाग नाही. असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. घरी येऊन लेकीला फोन केला. रविवार नव्हता, ती घाबरली, विचारायला लागली काय झालं. म्हटलं, काही नाही, कौतुक झालं.

बुधवार, १७ मे

चौकशीचा अहवाल आला. चौसष्ट पानं. चाळीस वाचली. ग्लायडरच्या दुरुस्तीचे कागद एकाचे दुसऱ्याला लावलेले, नटबोल्टचा हिशेब नाही, सगळीकडे ढिलाई. वाचून संताप आला. लहान मुलांच्या जिवाशी खेळ! अशा लोकांना उभं करून जाब विचारला पाहिजे.

एकेचाळिसावं पान विंचबद्दल आहे. पहिली ओळ: 'दि. १६ ऑक्टोबर रोजी तपासले असता रजिस्टरमध्ये दि. २३ व ३० च्याही तपासणीच्या, नाव न वाचता येणाऱ्या, सह्या आढळल्या. सबब बावीस वर्षांची एकही सही ग्राह्य धरता येत नाही.' पुढचं वाचता आलं नाही. चष्म्याचा नंबर बदललाय.

गुरुवार, १८ मे

पेन्सिलने अहवाल मोबाइलवर अख्खा वाचलाय. तिने विचारलं, तुम्ही वाचलात? म्हटलं, चाळिसापर्यंत. बरं म्हणाली. मग ती तिच्या वहीतला, मी लिहून दिलेला उंचीच्या आकड्यांचा तक्ता कितीतरी वेळ बघत बसली. विचारलं, काय अडलं? काही नाही म्हणाली. जाताना दोन्ही कप धुऊन पालथे घातले. यापूर्वी कधी धुतले नव्हते. मुलीला शिस्त लागते आहे, माझ्या संगतीचा परिणाम.

रविवार, ११ जून

हँगरशेजारच्या खोलीत सिम्युलेटर बसवला. पडदा, खुर्ची, खोटं आकाश. आता आधी यावर तास भरायचे, मग वर. पोरं रांगा लावून बसतात. पेन्सिल पहिल्या दिवशी चार वेळा जमिनीवर आदळली आणि हसत बाहेर आली. मी स्पष्ट सांगितलं, न झालेलं झालं म्हणून दाखवायचं, याची मला पहिल्यापासून चीड आहे. ती हसायची थांबली. रांगेतली पोरं पडद्याकडे वळली. मुद्दा सगळ्यांना पटलेला दिसला.

विंचकडे कोणी फिरकलं नाही. डबा तिकडेच बसून खाल्ला. तशी बावीस वर्षं तिकडेच खातो. एक किलोमीटर चालत येणार कोण?

सोमवार, २६ जून

आमच्या इमारतीच्या लिफ्टचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. मला विचारलंही नाही. त्यांच्या मेकॅनिकला मी लिफ्टमध्येच गाठलं, कार्ड कुठे म्हणून. तो म्हणाला, काका, कार्ड बंद झालं, आता मशीनरूममध्ये उभं राहून फोटो पाठवावा लागतो, वेळेसकट, त्याशिवाय पगार नाही. काय दिवस आले! माणसाच्या शब्दावर विश्वास म्हणून नाही. निषेध म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेलो. आठवडाभर जिनाच वापरणार.

मंगळवार, २७ जून

गुडघा. निषेध स्थगित.

शनिवार, २२ जुलै

निर्णय आला. ग्लायडर बंद. विंच बंद. त्याऐवजी इंजिन असलेली छोटी दोन आसनी विमानं, आपली आपण उडणारी. पाळ्या संगणक लावणार, ओळखीपाळखी चालणार नाहीत. पहिलं उड्डाण १७ सप्टेंबर. वयाची अट आहे तशीच.

विंच बंदचं फारसं मनावर घेतलं नाही. इंजिनं नादुरुस्त होतात, दोर होत नाही. वर्षभरात मला बोलवायला येतील.

प्रश्न पेन्सिलचा. १७ आणि ११. सहा दिवस. सहाच दिवस! शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, काका, पोरगी रात्री जेवली नाही. म्हटलं, बाई, मी बसलोय ना इथे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बहुतेक धीर आला असावा.

मंगळवार, ८ ऑगस्ट

मुख्यालयात जाऊन टॅबलेटबाईंना भेटलो. अडीच तास बाकड्यावर. शेजारी एक आजारी कुंडी होती, तिला माझ्या बाटलीतलं पाणी घातलं.

बाईंना सहा दिवसांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, जूनमध्येच सुरू करायचा विचार होता हो, पण विंचच्या एका रजिस्टरमुळे सगळेच जुने कागद पुन्हा तपासावे लागले, तीन महिने त्यातच गेले. मी म्हटलं, सरकारी काम म्हटलं की उशीर आलाच.

मग हुकमी पत्ता टाकला. १० सप्टेंबर, रविवार. विंचचा निरोपाचा एकच लाँच. ग्लायडरमध्ये पेन्सिल, मागे इन्स्ट्रक्टर, दोरावर मी. बाईंनी सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, बघते.

बघते म्हणाल्या! जमणार नसतं तर नाही म्हणाल्या असत्या. बाई स्पष्टवक्त्या आहेत.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

पेन्सिलने विचारलं, नक्की ना? म्हटलं, नक्की. तिने पुन्हा विचारलं, आजोबा, नक्की म्हणजे नक्की, की तुमचं नक्की? अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. शिंपीणबाईंनी गणवेशाच्या बाह्या उसवून लांब केल्यात. ऑक्टोबरमध्ये बरोबर होत्या, आता हात दोन बोटं बाहेर येतो.

शुक्रवार, १ सप्टेंबर

पहिली तारीख. हात स्वच्छ, पेनात शाई. १० तारखेला धावपळ असणार, लिहायला सवड मिळायची नाही. म्हणून या रोजनिशीतलं ते पान आजच लिहून ठेवलं. अक्षर झकास आलं.

मंगळवार, ५ सप्टेंबर

मुख्यालयाचं पत्र. निरोपाच्या लाँचला परवानगी देता येत नाही, विंचची बॅटरी काढून घेण्यात येत आहे, मैदानावर विंचजवळ कोणी जाऊ नये. पत्रावर तारीख २९ ऑगस्टची आहे. म्हणजे आठवडा जुनं मत. तेवढ्यात बाईंचं मन बदललं असणार. आणि मुलगी गणवेशात समोर उभी राहिल्यावर नाही कोण म्हणेल?

गुरुवार, ७ सप्टेंबर

पेन्सिलला पत्राचं बोललो नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरांचं मन विचलित करू नये.

तिने आज एकही चूक केली नाही. डोळे मिटून झाडूचा दांडा हलवत होती. गाळण्याला धक्का नाही.

रविवार, १० सप्टेंबर

सकाळी ९.१०. आकाश निरभ्र, वारा समोरून. पलीकडे दिवा लुकलुकला आणि मी दोर घेतला. पेन्सिल सुरेख वर गेली. साडेनऊशे फूट. दोर सुटला तेव्हा तिने माझ्याकडे बघून पंख हलवले. लाँच क्रमांक ११,३०७. खाली आल्यावर तिची आई रडली. पोरगी मला सर म्हणाली. दिलेला शब्द पाळला. आजचा दिवस माझ्या आयुष्यातला.

वरचं १ तारखेला लिहिलेलं आहे. खालचं आजचं, दुपारी साडेतीनचं.

हँगरला कुलूप होतं. टॅबलेटबाई नव्हत्या, इन्स्ट्रक्टर नव्हता. विंचभोवती लाल पट्टी, बॅटरीची जागा रिकामी. मी पट्टीखालून आत गेलो आणि माझ्या सीटवर बसलो. का ते माहीत नाही. दिवा दिसतो का, बघत होतो.

त्या टोकाला पेन्सिल आणि शिंपीणबाई. दोन ठिपके. साडेनऊ झाले, दहा झाले. मग एक ठिपका निघाला. गवत गुडघ्याएवढं वाढलंय. बावीस वर्षांत कुठलाही कॅडेट ते अंतर चालून माझ्याकडे आला नव्हता. ती आली. गणवेशाला इस्त्री होती, बुटांना गवताच्या बिया.

म्हणाली, सर, परवानगी नव्हती ना?

नऊ महिने सर म्हण म्हणून मागे लागलो होतो.

म्हटलं, नव्हती. मग ती म्हणाली, एकेचाळिसाव्या पानावर रजिस्टरचा फोटो आहे. आकडे बघितले आणि माझ्या वहीतला तक्ता बघितला. तुमच्या नवाला शेपूट असते. मी म्हटलं, तू मेपासून... ती म्हणाली, हो, मेपासून. मग म्हणाली, २३ ऑक्टोबरची सही माझ्या उड्डाणाची होती. मी त्या दिवशी पाचला उठून बसले होते.

काम मी केलंच असतं, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

विचारलं, मग तरी दर गुरुवारी का येत राहिलीस? ती बुटावरच्या बिया काढत बसली. म्हणाली, तुमच्या ताईंचा आईला फोन आला होता डिसेंबरमध्ये. बाबा एकटे असतात, मुलीला आठवड्यातून एकदा पाठवाल का म्हणून. आई म्हणाली, जात जा. मग सवय झाली.

उठली. टोपी नीट केली. म्हणाली, मी उडणार आहे. नोकरी लागली की स्वतः शिकेन. पण तुम्ही पाठवलं म्हणून नाही.

परत जाताना ती ठिपका व्हायला बराच वेळ लागला. घड्याळात चौदा मिनिटं.

सोमवार, ११ सप्टेंबर

पेन्सिल अठरा वर्षांची झाली. जिन्यात तिच्या मैत्रिणींचा आवाज होता. दार उघडलं नाही.

मुख्यालयाला पंधरावं पत्र लिहिलं. सहा ओळींचं. २३ आणि ३० च्या सह्या माझ्या. त्याआधीच्याही सगळ्या दर महिन्याच्या एक तारखेला घरी बसून केलेल्या. दोर प्रत्येक रविवारी तपासला, पण ते आता सिद्ध करता येणार नाही. शिक्षा मला करा आणि सहा दिवस त्या मुलीला द्या. खाली सही आणि आजची तारीख. पोस्टात स्वतः टाकलं.

रविवार, १७ सप्टेंबर

मैदानावर गेलो नाही. सकाळी नऊनंतर गच्चीवर उभा असताना वरून आवाज आला. छोटं इंजिन, शिवणयंत्रासारखं. पाच वेळा गेलं. खाली शिंपीणबाईंचं मशीन आज बंद होतं.

सातला लेकीचा फोन. तिने शिंपीणबाईंना केलेल्या फोनबद्दल मी काही विचारलं नाही. म्हटलं, पिवळा रंग चालेल. ती म्हणाली, कसला पिवळा? मग आठवलं तिला. म्हणाली, अहो बाबा, पांढरा देऊन झाला मार्चमध्येच, सध्या तिथे यांची सायकल आणि कपाटं आहेत. मग घाईघाईने म्हणाली, पण काढू ना, एका दिवसात काढू. म्हटलं, घाई नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर

पंधराव्या पत्राचं उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे.' उलटसुलट करून पाहिलं. ओळींच्या मध्ये काही नाही.

सहाला चहा टाकला. दोन कप. खुर्ची मधे ओढून ठेवली, दांडा टेकवून ठेवला.

आत्ता सव्वासात झालेत. दुसरा कप मीच प्यायलो, गारच. दोन्ही धुऊन पालथे घातले.

पुढच्या गुरुवारच्या पानावर काही लिहिलेलं नाही.